कुर्ता वाढत्या अंगाचा चालतो, बूट चालत नाही

जून जवळ आला की घराघरांत खरेदीची यादी निघते. वह्या, दप्तर, गणवेश, रेनकोट आणि सर्वांत शेवटी बूट. तोवर पैसे संपत आलेले असतात. मग "मागच्या वर्षीचे चालतील की" असे म्हणून विषय मिटतो. ईदच्या वेळी चित्र उलटे असते. तेव्हा नवे जोडे हवेच असतात, पण खरेदी चाँदरातीच्या गर्दीत होते. मूल एक तर घरी झोपलेले असते किंवा दुकानात चकाकणाऱ्या सँडलवर त्याचे मन बसलेले असते. दोन्ही वेळी एक गोष्ट राहून जाते. ज्या पायासाठी बूट घ्यायचा, तो पाय कुणी मोजतच नाही.

कपड्यांच्या बाबतीत आपल्या आई-दादींचा हिशोब पक्का असतो. कुर्ता वाढत्या अंगाचा घ्यायचा, बाही दुमडायची, पुढच्या वर्षी उलगडायची. हाच हिशोब बुटाला लावला की गडबड होते. सैल कुर्त्याने अंगाला इजा होत नाही. सैल बुटात मात्र पाय पुढे घसरतो, बोटे आखडून बूट धरून ठेवावा लागतो आणि टाच सोलवटते. वर्षभराने तोच बूट घट्ट होतो, तरी "अजून फाटला नाही" म्हणून चालवला जातो. म्हणजे सुरुवातीला मोठा, शेवटी लहान, आणि बरोबर बसतो तो मधले दोन-तीन महिनेच.

मूल सांगत का नाही?

पालक आम्हाला विचारतात, "बूट लागत असता तर मुलाने सांगितले नसते का?" बऱ्याचदा नाही सांगत. त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण शरीराचे आहे. माणसाच्या एका पावलात २६ हाडे असतात. लहान मुलात त्यांतला बराचसा भाग अजून कूर्चेचा, म्हणजे मऊ असतो. तो हळूहळू कडक होत जातो. मुलींच्या पायाची वाढ साधारण बारा ते चौदा वर्षांपर्यंत आणि मुलांची चौदा ते सोळा वर्षांपर्यंत चालू राहते. मऊ पाय दाबला की आकार बदलून जागा करून घेतो. मोठ्या माणसाला जो बूट पाच मिनिटे सहन होणार नाही, तो लहान मूल दिवसभर घालून हिंडते. त्यामुळे "पायात गेला" याचा अर्थ "बरोबर बसला" असा होत नाही.

दुसरे कारण मनाचे आहे. दुकानात आवडलेला बूट हातचा जाऊ नये म्हणून मूल "बरोबर आहे" असे सांगते. आणि थोडे मोठे, समजूतदार मूल घरची परिस्थिती बघून गप्प राहते. आमच्या शाळेत सहावीतली एक मुलगी धावण्यात नेहमी पुढे असायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती खेळाच्या तासाला कडेला बसू लागली. घरच्यांना वाटले, मुलगी मोठी होतेय, आता लाजते. एक दिवस तिला बूट काढायला लावले. दोन्ही करंगळ्यांवर घट्टे पडले होते आणि एका अंगठ्याचे नख कडेने मांसात रुतले होते. बूट मामेबहिणीचे होते. "अब्बूंचं काम बंद होतं, म्हणून बोलले नाही," एवढेच ती म्हणाली.

असे मूल आळशी किंवा लाजाळू ठरते. त्याचा खेळ सुटतो आणि पुढे खेळाची आवडही सुटते. अनेक वर्षे घट्ट बूट घातल्याने बोटे वाकडी होणे, अंगठा आत वळणे, कुरूप होणे असे त्रास मागे लागू शकतात, ते वेगळेच. म्हणून मुलाने सांगण्याची वाट न पाहता आपणच बघायला हवे.

नंबरवर भरवसा नको

दुकानात गेल्यावर "दहा नंबर दाखवा" म्हणायची आपल्याला सवय आहे. हा नंबर म्हणजे नक्की काय? आपल्याकडे मुख्यतः ब्रिटिश पद्धतीचे नंबर चालतात. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि त्यानंतर पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणून तेरा नंबरचा बूट लहान झाला की पुढचा "एक" नंबर मागावा लागतो. इथे अनेक पालक गोंधळतात. काही बुटांवर २८, ३०, ३२ असे युरोपियन नंबर असतात. त्यात एका नंबराचा फरक साडेसहा मिलिमीटरच्या थोडा वर असतो.

"दोन नंबर मोठा द्या, दोन वर्षे चालेल" असे म्हणताना आपण जवळजवळ १७ मिलिमीटर जास्तीची जागा मागत असतो. इतकी मोकळी जागा घेऊन मूल नीट धावू शकत नाही. ते अडखळते किंवा पाय घासत चालते.

शिवाय एका कंपनीचा दहा आणि दुसऱ्या कंपनीचा दहा सारखा असेलच असे नाही. नंबर लांबीचा असतो. रुंदीबद्दल तो सहसा काही सांगत नाही, आणि आपला प्रश्न बहुतेक वेळा रुंदीचाच असतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. त्यातून असे दिसले की भारतीयांचे पाय पाश्चात्त्य लोकांच्या पायांपेक्षा सरासरीने रुंद आहेत. म्हणूनच भारतीय पायांसाठी "भा" नावाची स्वतंत्र मापपद्धत सुचवण्यात आली. परदेशी साच्यावरचा बूट लांबीला बरोबर असूनही करंगळीला का लागतो, हे यावरून लक्षात येईल.

घरच्या घरी माप असे घ्या

पूर्वी आपल्याकडे झाडूची काडी किंवा दोरा पायाएवढा तोडून दुकानात नेत. कल्पना चांगलीच होती. तिच्यात थोडी सुधारणा केली की काम होते. एक कोरा कागद, पेन्सिल, पट्टी आणि वहीचा जुना पुठ्ठा एवढेच लागते.

१. माप संध्याकाळी घ्या. दिवसभर चालून-खेळून पाय किंचित फुगतो. सकाळी बरोबर वाटलेला बूट संध्याकाळी घट्ट होऊ शकतो.

२. कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवा. मुलाला त्यावर टाच भिंतीला टेकवून सरळ उभे करा. वजन दोन्ही पायांवर हवे. बसलेल्या मुलाचे माप घेऊ नका, कारण उभे राहिल्यावर पाऊल पसरते आणि लांब होते.

३. पेन्सिल उभी धरून पूर्ण पावलाची रेघ काढा. भिंतीपासून सर्वांत पुढच्या बोटापर्यंतचे अंतर मोजा. काही मुलांचे अंगठ्याशेजारचे बोट जास्त लांब असते, हे ध्यानात ठेवा.

४. दोन्ही पाय मोजा. बहुतेकांचे पाय तंतोतंत सारखे नसतात. मोठ्या पायाचे माप धरा.

५. त्या मापात १० ते १२ मिलिमीटर मिळवा. चालताना बोटे पुढे सरकतात, त्यासाठी थोडी जागा लागते आणि थोडी वाढीसाठी. बुटाच्या आतली लांबी इतकी हवी.

६. आता पुठ्ठ्याची बोटभर रुंद पट्टी तेवढ्याच लांबीची कापा. ही पट्टी बुटात टाचेपर्यंत सरकवा. पट्टी वाकली तर बूट लहान. सपाट बसली आणि मागे जेमतेम चार-पाच मिलिमीटर उरले तर ठीक. त्याहून जास्त हलत असेल तर बूट मोठा.

पट्टी लांबीचे काम करते. रुंदीसाठी कागदावर काढलेले पाऊल कापून घ्या आणि बुटाचा तळ त्यावर ठेवून बघा. पावलाचा कागद दोन्ही बाजूंनी बराच बाहेर डोकावत असेल तर तो बूट या पायाचा नाही. टोकदार बुटात पट्टी पार टोकापर्यंत जाते, पण बोटे तिथवर जाऊ शकत नाहीत. अशा बुटाला पट्टीचा हिशोब लागू होत नाही.

पट्टीवर मुलाचे नाव आणि तारीख लिहून ठेवा. चाँदरातीला मूल झोपलेले असले तरी ही पट्टी आणि कागदी पाऊल घेऊन अब्बू बाजारात जाऊ शकतात. तरीही शक्य असेल तर मुलाला सोबत नेलेलेच बरे.

दुकानात काय बघावे?

बूट घातल्यावर आपण पुढून अंगठ्याने दाबून बघतो. हे फार विश्वासाचे नाही. दाब आला की मूल आपोआप बोटे आखडून घेते आणि जागा आहे असे वाटते. त्यापेक्षा लेस सैल करून मुलाला उभे करा. पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे आपली करंगळी जेमतेम जायला हवी. बुटातला सोल सुटा निघत असेल तर तो बाहेर काढून त्यावर मुलाला उभे करा. बोटांपुढे किती जागा उरते आणि पाऊल कडेने बाहेर जाते का, हे लगेच दिसेल.

बूट हातात घेऊन पुढून दुमडून बघा. तो चवड्याजवळ, म्हणजे बोटे जिथे वाकतात तिथे वाकायला हवा. अगदी मधोमध दुमडत असेल तर त्याला आधार नाही, आणि कुठेच वाकत नसेल तर तो फार कडक आहे. टाचेची मागची बाजू घट्ट हवी. पुढचा भाग गोल आणि रुंद हवा. लेस, वेल्क्रो किंवा बक्कल असलेला बूट बरा, कारण तो पाऊल जागेवर धरून ठेवतो. नुसता सरकवून घालायचा बूट पायात टिकण्यासाठी एक तर घट्ट असावा लागतो, नाही तर मुलाला बोटांनी धरून चालावे लागते.

मोजे घालूनच बूट घालून बघा. मग मुलाला दुकानात दोन फेऱ्या मारायला लावा. गर्दी असली तरी लाजू नका. "नवा आहे, घालून घालून सैल होईल" हे दुकानदाराचे नेहमीचे वाक्य असते. मुलाचा बूट पहिल्या दिवसापासूनच सुखाचा हवा.

मुलींच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. ईद-लग्नासाठी सात-आठ वर्षांच्या मुलींनाही उंच टाचेचे, टोकदार सँडल घेतले जातात. उंच टाचेमुळे शरीराचे वजन पुढे बोटांवर येते आणि टोकात बोटे दबतात. दोन तासांच्या दावतीपुरते घातले तर लगेच काही बिघडत नाही. पण घरात दुसरे जोडे नाहीत म्हणून तेच रोज घातले जातात, तेव्हा त्रास सुरू होतो.

किती दिवसांनी बघावे?

एक ते तीन वर्षांच्या मुलांचे पाय दर दोन-तीन महिन्यांनी मोजावेत. तीन ते सहा वर्षांत दर चार महिन्यांनी आणि त्यापुढे दर सहा महिन्यांनी. साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलाचा पाय महिन्याला मिलिमीटरभर वाढतो असे धरले, तर १२ मिलिमीटर मोकळी जागा सहा महिन्यांत सहावर येते. पुढची जागा पाच-सहा मिलिमीटर उरली की नव्या बुटाची वेळ आली. तोवर बूट फाटलेला नसतो, म्हणून आपल्याला ते कळत नाही.

ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते, शाळा मात्र जूनमध्येच उघडते. त्यामुळे ईदचे बूटच शाळेला चालवायचे असतील तर शाळा उघडण्याआधी ते पुन्हा तपासा.

मधल्या काळात काही खुणा आपोआप दिसतात. मोजे काढल्यावर लाल वळ, बोटांवर फोड किंवा घट्टे, बुटाच्या कडेला आलेला फुगवटा, घरी येताच बूट भिरकावून देणे. बुटाची मागची बाजू पायाखाली दाबून त्याची चप्पल करणे ही तर आपल्या मुलांची खास सवय. मशिदीत, मकतबात पटकन घालता-काढता यावे म्हणून ती असे करतात. पण कधी कधी बूट लहान झाला म्हणूनही करतात. रागावण्याआधी एकदा पट्टी घालून बघा.

अम्मींसाठी सोपी संधी म्हणजे वुजूची वेळ. मूल वुजू करताना पायांच्या बोटांमध्ये खिलाल करायला शिकते. त्याच वेळी शेजारी बसून बोटांच्या बेचक्या, नखे आणि करंगळीची कड बघून घ्यावी. अर्धे मिनिट पुरते.

मोठ्या भावाचे बूट धाकट्याला

मोठ्या भावाचे बूट धाकट्याने घालणे ही आपल्या घरांची रीत आहे आणि खर्चाच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. दोन-चार वेळाच घातलेले ईदचे बूट मापाला बसत असतील तर खुशाल द्यावेत. पण वर्षभर रोज घातलेल्या बुटाच्या आत पहिल्या मुलाच्या पायाचा साचा तयार झालेला असतो. टाच एका बाजूने झिजलेली असते. तो बूट धाकट्याचा पायही तसाच तिरका टाकायला लावतो. बूट सपाट टेबलावर ठेवून मागून बघा. एका बाजूला कललेला दिसला तर पुढे देऊ नका.

पैसे मोजकेच असतील तर दोन महाग जोडांऐवजी शाळेला आणि खेळाला दोन्हीकडे चालेल असा एक साधा, मापाचा बूट घ्या. घरी आणि मशिदीत जायला मागे पट्टा असलेली सँडल पुरेशी आहे.

पावसाळा, मोजे आणि ओलावा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर बूट ओलेच असतात. ओल्या बुटात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, खाज सुटते आणि कातडी सोलते. बूट काढल्यावर आत रद्दीचे कागद कोंबून पंख्याखाली ठेवावेत. चुलीजवळ किंवा शेगडीवर वाळवू नयेत, त्याने ते कडक होतात. वुजूनंतर ओल्या पायावर लगेच मोजे चढवू नयेत. आधी बेचक्या कोरड्या पुसाव्यात. मोजे शक्यतो सुती असावेत. तेही मापाचे हवेत, कारण घट्ट मोजाही बोटे आखडून ठेवतो.

अनवाणी आणि सपाट पाय

चालायला न लागलेल्या बाळाला बुटांची गरज नसते. अकीकाला किंवा वाढदिवसाला भेट आलेले चूं-चूं वाजणारे बूट बहुतेक जड आणि कडक असतात. ते कौतुकापुरते ठीक. घरात स्वच्छ फरशीवर मुलाने अनवाणी चालणे चांगलेच. बाहेर मात्र काच, खिळे आणि उघड्या घाणीतून होणारे जंत यांच्यापासून वाचवायला पायात काहीतरी हवे.

"मुलाचे पाय सपाट आहेत, खास बूट घ्यावे लागतील का?" हा प्रश्न हमखास येतो. लहान मुलाच्या तळव्याखाली चरबीची गादी असते आणि कमान हळूहळू तयार होते. त्यामुळे पाच-सहा वर्षांपर्यंत पाय सपाट दिसणे सहसा नैसर्गिक असते. कर्नाटकातील दोन डॉक्टरांनी १९९२ मध्ये २३०० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पायांचे प्रमाण ८.६ टक्के आणि अनवाणी वाढलेल्या मुलांत २.८ टक्के आढळले. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होते. म्हणजे लहान वयात पाय जितका मोकळा राहील तितके बरे.

मुलाला चवड्यावर उभे करून बघा. त्या वेळी कमान दिसली आणि दुखत नसेल तर काळजीचे कारण नाही. पण एकच पाय वेगळा दिसणे, पाऊल ताठ असणे, लंगडणे, चालायला लागून बराच काळ झाला तरी चवड्यावरच चालणे, किंवा टाच रोज दुखणे अशी लक्षणे असतील तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. नख मांसात रुतून पू झाला असेल तर घरी कापाकापी करू नये.

शाळेकडून मिळणारे बूट

राज्य शासनाने २०२३ मध्ये शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेशासोबत एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे देण्याचा निर्णय घेतला. आपले मूल अशा शाळेत असेल तर मापे घेतली जातात त्या दिवशी त्याला गैरहजर ठेवू नका. वर लिहिल्याप्रमाणे घरी घेतलेले माप सेंटीमीटरमध्ये लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. शाळा व्यवस्थापन समितीत पालकही असतात. मापे वयावरून किंवा इयत्तेवरून न ठरवता पाय मोजूनच घ्यावीत, असा आग्रह त्यांनी धरावा. एकाच वर्गातल्या मुलांच्या पायांत तीन-चार नंबरांचा फरक असतो, हे आम्ही शिक्षक रोज बघतो.

मिळालेला बूट लहान निघाला तर "फुकट मिळालाय, चालवून घे" असे मुलाला सांगू नका. त्याच आठवड्यात शाळेत या. वर्गात दुसऱ्या कुणाला तरी तो बरोबर बसत असतो आणि अदलाबदल करता येते. महिन्याभराने, बूट वापरून झाल्यावर, ती करता येत नाही.